लताबाई गेल्या तेव्हा मोठी आई रडली, यात चुकलं काय?

6 फेब्रुवारी 2022, रविवार होता. गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइनचं दुकान आहे, सातबारा काढणं, पीक विम्याचे फॉर्म भरणं, पासपोर्ट फोटो, असली कामं. सकाळी दुकान उघडून झाडू मारत होतो तेवढ्यात माझं पोरगं धावत आलं, बाबा घरी चाला, मोठी आजी रडून राहिली. मला वाटलं पडली का काय. घरी गेलो तर मोठी आई अंगणात तुरीच्या ढिगाजवळ बसलेली, सूप मांडीवर, सुपातली तूर अर्धी पाखडलेली, आणि ती अशी रडत होती की सगळं अंग हलत होतं. आत टीव्हीवर लता मंगेशकर गेल्याची बातमी चालू होती.

मी म्हटलं, "काय झालं व मोठे आई?" तर म्हणे, "लताबाई गेली रे बाबू." एवढंच. पुढं तिला बोलताच आलं नाही.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. मोठे बाबा 2015 च्या भादव्यात गेले. कसे गेले ते यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला फोडून सांगायची गरज नाही. आणि तेव्हा मोठी आई रडली नव्हती. म्हंजे मयतीला बायका आल्या, गळ्यात पडल्या, तेव्हा हेल काढला असेल, पण ते रडणं रीत म्हणून असते, ते मी धरत नाही. आतून फुटून रडताना तिला आम्ही कोणीच पाहिलं नव्हतं. म्हणून त्या रविवारी शेजारचा एक जण, चांगला शिकलेला माणूस, फाटकातून पाहून बोलून गेला की मुंबईच्या बाईसाठी एवढं रडते, सोताच्या नवऱ्यासाठी नाही रडली. त्याच दुपारी व्हॉट्सॲपवर पण तेच फिरून राहिलं होतं, शेतकरी मरते तेव्हा हे अश्रू कुठं जातात म्हणून. मला तेव्हा दोन्हीला उत्तर देता आलं नाही. पण गेली काही वर्षं ते वाक्य डोक्यातून जात नाही आणि आता मला वाटते की ते वाक्य साफ चुकीचं आहे, आणि ते बोलणाऱ्याला आपण शेतकऱ्याची बाजू घेऊन राहिलो असं वाटत असलं तरी ते शेतकऱ्याच्याच घरावर जाऊन पडते.

आधी नात्याचं बोलू. लोक म्हणतात, ओळख ना पाळख, रडायचं काय. अरे पण ओळख नाही कशी? मोठी आई लग्न होऊन या घरात आली तेव्हा घरात एकच करमणूक होती, मोठ्या बाबांचा ट्रान्झिस्टर. कापूस वेचणीला बाया निघाल्या की तो धुऱ्यावर ठेवायचा, कमरेला ओटी बांधून तासाला लागायचं, आणि सकाळच्या गाण्यांपासून सेल उतरेपर्यंत तो आवाज. तिचं पहिलं मूल सव्वा महिन्याचं होऊन गेलं, तेव्हा ती पंधराव्या दिवशी वावरात होती. सासू बोलून बोलून जीव खायची. नणंदांची लग्नं झाली, पोरं झाली, नापिकी झाली, घर वाटलं गेलं. या सगळ्यात रोज तिच्या बाजूला असलेला आवाज कोणाचा होता? ती मला नंतर एकदा म्हणाली, "तिनं मले कधी काही मांगतलं नाही रे. बाकी घरात सगळे मांगतच होते." आता या नात्याला तुम्ही खोटं म्हणणार असाल तर खरं नातं कशाला म्हणायचं ते सांगा.

याला अभ्यासातही नाव आहे. रेडिओ-टीव्हीवरच्या माणसाशी आपलं एकतर्फी पण खऱ्या ओळखीसारखं नातं तयार होते, हे डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी 1956 साली मांडलं. तो आपल्याला ओळखत नाही पण आपण त्याला ओळखतो, त्याच्या सवयी, त्याचं हसणं, तो कुठं दम घेते तेसुद्धा. आणि आपल्या मनाचं असं आहे की ज्याचा आवाज रोज घरात ऐकू येते त्याला ते घरातलंच धरते.

1956 म्हटलं की मला माझी आजी आठवते. ती सांगायची, त्या वर्षी डिसेंबरात आमच्या गावात दोनदा चुली पेटल्या नाहीत. 6 डिसेंबरला बाबासाहेब दिल्लीत गेले तेव्हा एकदा, आणि त्यानंतर बरोबर चौदा दिवसांनी, 20 तारखेला गाडगेबाबा अमरावतीकडं येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर गेले तेव्हा दुसऱ्यांदा. आजीनं बाबासाहेबांना कधी पाहिलं नव्हतं. गाडगेबाबांचं कीर्तन एकदा ऐकलं होतं, तेही लांबून, गर्दीत. तरी चूल पेटली नाही. आजही दरवर्षी 6 डिसेंबरच्या आधी विदर्भातून दादरला जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, त्यातले बहुतेक लोक 1956 साली जन्मलेही नव्हते. चैत्यभूमीवर उन्हात तासन् तास रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला कोणी विचारते का की तुझी न् त्यांची ओळख कुठली? कोणी विचारणार नाही, कारण तिथं सगळ्यांना कळते की त्या माणसानं तिच्या आयुष्यात काय केलं. मग मोठी आईच्या आयुष्यात त्या आवाजानं काय केलं हे आपल्याला दिसत नाही, म्हणून ते नाहीच असं कसं म्हणता? मी लताबाईंची बाबासाहेबांशी तुलना करत नाही आहे, ती होऊच शकत नाही. न पाहिलेल्या माणसासाठी जीव तुटते, एवढंच सांगून राहिलो.

गाडगेबाबांचं उदाहरण काही लोक उलटं देतात. त्यांच्या मुलाच्या मृत्यूची बातमी कीर्तन चालू असताना आली आणि बाबांनी कीर्तन थांबवलं नाही, हे आपल्याकडं घरोघर सांगतात. बरोबर आहे. पण ते बाबांनी सोताच्या दुःखाचं केलं होतं. दुसऱ्या कोणाच्या दारात जाऊन, तू रडू नको, तुझं रडणं फालतू आहे, असं ते म्हणाले असं मी तरी कुठं ऐकलं नाही. ज्याला गाडगेबाबांचं नाव घ्यायचं आहे त्यानं आधी झाडू घ्यावा.

आणि रडायची सुद्धा एक चांगली रीत आपल्याच मातीत आहे. तुकडोजी महाराज 11 ऑक्टोबर 1968 ला गेले. दरवर्षी त्यांच्या पुण्यतिथीला, अश्विन वद्य पंचमीला, गुरुकुंज मोझरीला संध्याकाळी 4 वाजून 58 मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. वडिलांच्या खांद्यावर बसून मी पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा सहा-सात वर्षांचा असेन. इतकी माणसं एका जागी आणि एकाच्याही तोंडून आवाज नाही. आइसकांडीवाल्यानं घंटी हातात दाबून धरली होती, वाजू नये म्हणून, ते मला अजून दिसते. वडिलांच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. मी आयुष्यात वडिलांना तेवढंच रडताना पाहिलं. आमच्याकडं पुरुषाला रडायला जागाच नाही, घरात तर नाहीच. त्या मैदानात वर्षातून एकदा त्यांना ती मिळायची. नंतर गाडीत बसल्यावर ते शांत असायचे, हलके झाल्यासारखे, घरी येऊन आईशी बोलायचे.

मला जे सांगायचं आहे ते हेच आहे. दूरच्या मोठ्या माणसाचं मरण आपल्यासारख्यांना जागा करून देते. जवळच्याचं मरण आलं की रडायला सवड नसते, त्याच्यासोबत कामं येतात. म्हणून साचलेलं कुठंतरी दुसऱ्याच वेळी, दुसऱ्याच नावानं बाहेर येते. मोठी आई त्या दिवशी लताबाईंसाठी रडली, खरंच रडली, आणि त्यात मोठे बाबा पण होते आणि ते सव्वा महिन्याचं लेकरू पण होतं. मला हे कसं माहीत? कारण दोन तासांनी डोळे पुसून ती माळ्यावरून ट्रान्झिस्टर काढायला सांगत होती. कव्हर उंदरानं कुरतडलेलं, सेल फुटून आतमध्ये पांढरं पांढरं झालेलं. तो तिनं पदरानं पुसला आणि मोठ्या बाबांच्या फोटोखाली ठेवला. सात वर्षांत तिनं त्या फोटोकडं धड पाहिलं नव्हतं.

आता 2015 मध्ये ती का रडली नाही ते ऐका. तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि चवथ्या दिवशी आम्ही दोघं कागदं घेऊन तालुक्याला. सातबारा, आठ-अ, पोलिसांचा पंचनामा, पीएम रिपोर्ट, बँकेचा कर्जाचा दाखला, वारसांचे कागद, रेशन कार्ड, आधार. शेतकऱ्यानं आत्महत्या केली की कुटुंबाला सरकारकडून 1 लाखाची मदत आहे, 30 हजार हातात आणि 70 हजार ठेव म्हणून. पण ती मिळायला माणूस पात्र ठरावा लागते. जमीन पाहिजे, कर्ज पाहिजे, ते बँकेचं, सोसायटीचं नाहीतर लायसन्सवाल्या सावकाराचं पाहिजे, आणि थकलेलं पाहिजे. मोठ्या बाबांचं कर्ज होतं बिनलायसन्सच्या सावकाराचं, त्याचा कागद कुठून आणणार? खिडकीतल्या माणसानं मोठी आईला माझ्यासमोर विचारलं, दारू पित होते का, घरात भांडण होतं का. ती फक्त नाही म्हणाली, तीन वेळा. तेरवीच्या आधी तीन चकरा झाल्या. नंतर एक दिवस यादी लागली, त्यात नावापुढं अपात्र.

ज्या बाईला नवऱ्याचं मरण खरं आहे हे कागदावर सिद्ध करायचं आहे, ती रडेल कधी? रडली तर उत्तरं कोण देईल? केनेथ डोका नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं 1989 मध्ये अशा दुःखावर लिहिलं, ज्याला समाज दुःख म्हणून मानतच नाही, ज्याच्यासाठी सुट्टी नाही, भेटायला येणं नाही, बोलायची सोय नाही. तसं दुःख जात नाही, आत दबून राहते आणि जास्त छळते. विदर्भात अशी किती घरं आहेत. लोक भेटायला येतात ते बाईला विचारायला नाही येत, कसं झालं ते विचारायला येतात.

म्हणून ते वाक्य, "शेतकरी मरते तेव्हा कुठं जातात अश्रू", मला खटकते. रडणाऱ्या बाईला तोंड बंद करायला मेलेला शेतकरी वापरायचा? जे हे फॉरवर्ड करतात त्यांना मी विचारतो, तुमच्या गावात शेवटचा जो गेला त्याच्या घरी तेरवीनंतर तुम्ही किती वेळा गेलात? दुःख काही विहिरीचं पाणी नाही की मुंबईकडं उपसलं तर इकडं कमी पडेल. उलट जी माणसं परक्यासाठी रडू शकतात तीच शेजाऱ्याच्या दारात जाऊन बसतात, हे मी गावात पाहून राहिलो.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. वेळ आणि बातमीची जागा याला हिशोब आहे. 2017 मध्ये आमच्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, दवाखान्यात माणसांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या होत्या, आणि दिल्ली-मुंबईच्या चॅनलवर ते किती दिवस दिसलं? हा राग खरा आहे, मलाही येते. पण तो राग चॅनल चालवणाऱ्यांवर काढा, तुरीच्या ढिगाजवळ बसलेल्या बाईवर नको.

आणि चॅनलवाल्यांनी नुसती जागा खाल्ली असं नाही, लोकांचं दुःखच नासवलं. सुशांतसिंह राजपूत 14 जून 2020 ला गेला, 34 वर्षांचा होता. लॉकडाऊन होतं, पुण्यातून परत आलेली पोट्टी गावात रिकामी बसलेली, आणि पाटण्याचं एक पोरगं इंजिनीअरिंग सोडून मुंबईत जाऊन हिरो झालं हे त्यांच्या लेखी फार मोठं होतं. आमच्या गल्लीतला एक पोरगा दोन दिवस जेवला नाही. त्याला कोणी विचारायला पाहिजे होतं की तुला काय होऊन राहिलं. त्याऐवजी टीव्हीनं त्याला दुश्मन दाखवला. कसा गेला याची प्रात्यक्षिकं दाखवली, गुन्हेगार ठरवले, त्याच्या मैत्रिणीला ड्रग्जच्या केसमध्ये जवळपास महिनाभर जेलमध्ये राहावं लागलं. मुंबई हायकोर्टानं 2021 च्या जानेवारीत सांगितलं की अशा मीडिया ट्रायलनं तपासात आणि न्यायाच्या कामात अडथळा येते. 2025 च्या मार्चमध्ये सीबीआयनं केस बंद करायचा रिपोर्ट कोर्टात दिला. तोपर्यंत त्या पोराचं रडणं कधीच संपलं होतं, उरला होता नुसता संताप, कोणावर ते त्यालाही माहीत नाही.

आत्महत्येची बातमी पहिल्या पानावर गाजवून छापली की तशीच पावलं उचलणारे वाढतात, हे डेव्हिड फिलिप्स नावाच्या संशोधकानं 1974 मध्येच दाखवलं होतं. आपल्या प्रेस कौन्सिलनंही 2019 मध्ये नियम काढले, की असं करू नका, मदतीचे नंबर द्या. आमच्या जिल्ह्याला हे सगळ्यात जास्त कळायला पाहिजे. मी दुकानात काउंटरवर 14416 चिकटवून ठेवलाय, टेली मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीचा सरकारी नंबर आहे, फुकट लागते, मराठीत बोलतात. झेरॉक्स घेता घेता दोन-तीन जणांनी तो मोबाईलमध्ये लिहून घेताना मी पाहिलंय. मी काही विचारलं नाही.

घाई हा दुसरा रोग, आणि त्यात मी सोता होतो. 11 नोव्हेंबर 2025 ला धर्मेंद्र गेल्याच्या बातम्या आल्या. दुकानात पोट्टे आले, म्हणे भाऊ लवकर फोटो बनवून द्या, स्टेटसला टाकायचं आहे. मी पाच मिनिटांत भावपूर्ण श्रद्धांजली लिहून, हार घालून, दिवा ठेवून दिलं. नंतर कळलं की माणूस जिवंत आहे, घरच्यांनीच सांगितलं. त्यांच्या बायकोला, पोरीला ते वाचून काय झालं असेल याचा विचार करून मला रात्री झोप लागली नाही. पुढं 24 नोव्हेंबरला ते खरंच गेले, म्हणजे आम्ही हार घातल्यापासून बरोबर तेरा दिवसांनी. त्या दिवशी माझ्याकडं फोटो मागायला कोणी आलं नाही, लोकांचं आधीच करून झालं होतं. तेव्हापासून एक नियम केला, मेलेल्या माणसाचा बॅनर दुसऱ्या दिवसाच्या आधी बनवायचा नाही. दोन-चार गिऱ्हाईक गेले, जाऊ द्या.

नीट केलं तर हेच दुःख किती कामाला येते याचं उदाहरण कर्नाटकात आहे. कन्नड सिनेमातला हिरो पुनीत राजकुमार 29 ऑक्टोबर 2021 ला गेला, 46 व्या वर्षी. घरच्यांनी त्याचे डोळे दान केले आणि त्यातून चार जणांना दृष्टी मिळाली. त्यानंतर तिकडं नेत्रदानाचे फॉर्म भरायला लोकांची रीघ लागली. त्याच लोकांना पहिल्या दिवशी कोणी म्हटलं असतं की हिरोसाठी काय रडता, तर त्यातला एक तरी फॉर्म भरला गेला असता का?

आम्ही गावात यंदा एक छोटी गोष्ट केली. 19 मार्च 1986 ला आमच्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्यानं बायको-लेकरांसकट वर्धा जिल्ह्यात पवनारजवळ जीवन संपवलं, राज्यातली पहिली नोंदलेली शेतकरी आत्महत्या म्हणून ती सांगतात, आणि 2017 पासून त्या तारखेला बरेच लोक एक दिवस उपवास करतात. आम्ही ठरवलं की त्या दिवशी ग्रामपंचायतीसमोर आपल्या गावातून असे गेलेल्यांची नावं वाचायची. पात्र-अपात्र काही नाही. भाषण नाही, पाहुणा नाही, बॅनर नाही. मोझरीसारखं दोन मिनिटं उभं राहायचं आणि घरी जायचं.

चौदा नावं निघाली. मी टाइप करून प्रिंट काढली. पन्नासेक माणसं आली असतील, बाया बऱ्याच. मोठी आई मागं पिंपळाच्या पाराला टेकून बसली होती. दहावीतली एक पोरगी वाचायला उभी राहिली, घाबरली होती, म्हणून तिनं रेशनची यादी वाचतात तसं भराभर वाचलं. मोठ्या बाबांचं नाव सहावं होतं, आलं आणि गेलं. चौदावं संपलं तशी मागून मोठी आई म्हणाली, "थोडं हळू वाच व माय. त्याइचं नाव अजून एकदा घे."

पोरीनं माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली. तिनं बोट ठेवून ओळ शोधली आणि परत वाचलं, या वेळी बापाच्या नावासकट, सावकाश. मग दुसरी एक बाई उभी राहिली, म्हणे आमच्याइचं पण घे. त्या दिवशी चौदाही नावं दोनदा वाचून झाली.